थ्री-नॉट-थ्रीचे मास्तर

बालाघाटच्या बस स्टँडसमोरच्या हॉटेलात अजूनही एक नक्कल होते. कुणीतरी पेले विसळायच्या बादलीत दोन्ही हात बुडवतो, डोळे मिटून बसतो, मग हात बाहेर काढून थरथरवतो आणि ओरडतो, "चूक!" सगळे हसतात. नक्कल करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी मास्तरांना पाहिलेलेसुद्धा नाही. गेल्या उन्हाळ्यात माझ्यासमोर ती झाली, तेव्हा मी चहा तसाच टाकून उठलो. हॉटेलवाल्याने विचारले, "क्या हुआ बाबूजी, चाय ठंडी थी क्या?" चहा गरमच होता.

म्हणून हे लिहितो आहे. माझे वडील तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीत दगड फोडत. त्यांचा मुलगा बी.ए. झाला तो ज्या माणसामुळे, त्याची आठवण या गावात एका बादलीपुरती उरावी, हे मला मान्य नाही.

ते आमच्या हायस्कुलात ड्रिलचे मास्तर होते. मोठ्या लढाईत ते बर्मात होते, हवालदार होऊन परत आले आणि शाळेत लागले. मूळचे भंडाऱ्याकडचे. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्यांत ते आणि काकू राहत, मूलबाळ नव्हते. खाकी अर्धी चड्डी, कडक इस्त्रीची, आणि पायात काळे बूट. हा पोशाख त्यांनी लग्नाकार्यातही बदलला नाही. शाळेत छात्रसेना सुरू झाली तेव्हा तिचे कामही त्यांच्याकडेच आले. पोलीस लाइनीतून कवायतीच्या रायफली येत, नळ्या बंद केलेल्या. त्या ज्या दिवशी येत त्या दिवशी मास्तर नवरदेवासारखे दाढी करून येत.

रविवारी वसतिगृहातल्या मुलांचे कान ते स्वतः तपासत. रायफलची नळी पुसायच्या पांढऱ्या चिंधीची पट्टी कापून, तिची सुरळी करून ते ती आमच्या कानात फिरवत आणि उजेडात धरून पाहत. चिंधी काळी निघाली की म्हणत, "नळीत एवढी घाण, मंग नेम कसा लागन बे?" माझी चिंधी नेहमी काळीच निघायची. मी खाणीवरून आलो होतो, आमच्याकडे सगळ्यांच्याच कानात मँगनीज असे.

त्यांची थ्री-नॉट-थ्रीवर भक्ती होती. दुसरा शब्द मला सापडत नाही. या रायफलची गोळी मी पहिल्यांदा त्यांच्या हातात पाहिली. दारू नसलेली, कवायतीची. तिच्या बुडाला बाहेर आलेली एक कड होती, परातीच्या काठासारखी. सगळी अडचण त्या कडेत होती. गोळ्या एकावर एक भरताना वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या पुढे राहिली पाहिजे. मागे राहिली तर दोघी एकमेकींत अडकतात, गोळी आत ढकलणारा बोल्ट पुढे सरकत नाही, आणि रायफल म्हणजे नुसती काठी. गोळ्या पाचाच्या पट्टीत बसवून येतात तेव्हा हे काम सोपे. सुट्या गोळ्या हाताने भरायची वेळ आली की मग माणसाची परीक्षा.

मास्तर आम्हाला डोळे बांधून भरायला लावत. कड मागे गेली की बोटांवर छडी आणि "चूक!" अशी आरोळी, मैदानाच्या पार टोकाला ऐकू जाईल अशी. मग त्यांचे ठरलेले वाक्य यायचे: "रायफल अडत नसते. माणूस अडते."

ही सवय त्यांच्या घरभर पसरली होती. वह्यांचा गठ्ठा रचला तर प्रत्येक वही खालच्या वहीच्या जरा पुढे. चपला तशाच. काकू भाकरी टोपलीत टाकत, आणि मास्तर जेवायला बसण्याआधी भाकरीच्या कडा नीट लावत. काकू मुद्दाम एखादी मागे सरकवून ठेवायच्या.

"हे कोणं केलं?"

"अडली का भाकर?" काकू म्हणायच्या. "आता काढा बोल्ट. मी आपली वरण वाढतो."

त्यांच्याकडे जेवायला गेलेली आम्ही मुले तोंडात घास धरून हसू दाबत असू. मास्तरही हसत, पण भाकरी सरळ केल्यावर.

नववीत मी इंग्रजीत नापास झालो. वडिलांनी निरोप पाठवला की परत ये, खाणीवर हजेरी लावतो. मास्तर वसतिगृहात आले. माझी ट्रंक बांधलेली पाहून त्यांनी तिच्यावर बूट ठेवला. "इंग्रजी अडली का? इंग्रजी अडत नसते. चाल माह्या घरी." त्यांच्याकडे इंग्रजी पुस्तक एकच होते, रायफलची देखभाल कशी करावी याचे. वर्षभर मी त्यावर इंग्रजी शिकलो. परीक्षेत गाईवर निबंध आला. मी लिहिले की गाय कोरड्या जागी ठेवावी, रोज पुसावी आणि वापर झाल्यावर तिला हलके तेल लावावे. पास झालो. त्यांच्या त्या वाक्याने मला खाणीतून बाहेर काढले हे मी कधीच नाकारणार नाही. पण त्याच वाक्याने माझ्याबरोबरच्या एका मुलाचे काय केले, तेही मला सांगायचे आहे.

मोतीराम लामता गावचा. माझ्याच वर्गात, वसतिगृहात माझ्याच खोलीत. अभ्यासात बेताचा, पण डोळे बांधून दहा गोळ्या भरण्यात त्याच्यासारखा कुणी झाला नाही. मास्तर त्याला आमच्यासमोर उभा करून म्हणत, "याचे हात पाहा बे पोट्टेहो. हे हात नाहीत, मशीन हाये." तो सैन्यात भरती झाला तेव्हा मास्तरांनी स्टेशनवर जिलेबी वाटली होती. मी नागपूरला कॉलेजात गेलो.

मग चीनची लढाई झाली. आपले जवान बर्फात थ्री-नॉट-थ्री घेऊन लढले आणि समोरच्यांकडे आपोआप भरणाऱ्या बंदुका होत्या, असे वर्तमानपत्रांत येऊ लागले. सैन्याने ही जुनी गोळी सोडावी आणि बिनकडेची नवी गोळी, नवी रायफल घ्यावी, अशी चर्चा सुरू झाली. मी दिवाळीनंतर बालाघाटला आलो तेव्हा मास्तर त्याच हॉटेलात हिंदीच्या मास्तरांशी भांडत होते.

"नई चीज़ आई है तो लेनी चाहिए," हिंदीचे मास्तर म्हणाले.

"तुमी नवी कविता घ्या, मले माही गोळी राहू द्या," मास्तर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू नागपूरले शिकून राह्यला ना? सांग. आपोआप भरनारी रायफल देली तर पोट्टा गोळ्या उधळन का नाही? मंग एवढ्या गोळ्या पहाडावर कोन नेईन? खेचरं किती? अन् आज हे घेतली, तर दहा वर्सांनं विकनारा म्हनन, आता ही जुनी झाली, याच्याहून लहान घ्या. तवा काय करसान?"

मी म्हणालो, "पण मास्साब, ज्याच्या हातात ती आहे त्याचं काय?"

"त्याचे हात मी तयार केले," ते म्हणाले. आणि विषय संपला.

त्यांचे मुद्दे मूर्खाचे नव्हते. शेवटचा तर मला आजही खोडता येत नाही. विकणारे खरेच थांबत नाहीत. पण वाद हॉटेलात बसून चालला होता. मास्तरांचे काय, वर्तमानपत्रवाल्यांचे काय, गरम कपाभोवती सगळ्यांचीच बोटे शाबूत होती.

मोतीराम चैत्रात परत आला, दवाखान्यातून. उजव्या हाताची तीन बोटे बर्फाने गेली होती. त्याच्या आधीच लामत्यात बातमी पोचली होती की तो रायफल टाकून पळाला. कुणी पसरवली कोण जाणे. पोरे त्याच्या मागे "भगोडा" म्हणून ओरडत. ठरलेले लग्न मोडले. बाप घराबाहेर पडेनासा झाला. मोतीरामला एकच आशा होती. बालाघाटात मास्तर आहेत. मास्तरांनी चार लोकांत सांगितले की हा पळणारा नव्हे, तर लोक ऐकतील. परीक्षा आटोपून मी आलो होतो. आम्ही दोघे मिळून मास्तरांकडे गेलो.

मास्तरांनी त्याच्या हाताकडे पाहिले. काकू पाणी घेऊन आल्या. मास्तरांचा पहिला प्रश्न हा होता: "गोळ्या कशा भरल्या होत्या?"

"कड समोरच ठेवली होती, मास्साब," मोतीराम म्हणाला. "पट्ट्या होत्या तवरी चाललं. मंग सुट्ट्या भरू लागलो. बोटं कुठं हायेत तेच समजे ना. डोळ्यानं पाहून पाहून भरल्या. बोल्ट मारला अन् अडला."

"मंग?"

"बुटानं हाणला. हालला नाही. बाजूले एक गढवाली पोट्टा होता. तो विचारे, 'चली क्या?' मी म्हनो, 'रुक.' पुन्हा विचारे, 'चली क्या?' मंग नाही विचारलं त्यानं."

मोतीराम पुढे म्हणाला की रायफल त्याने टाकली नव्हती. गढवाल्याला पाठीवर घेऊन उतरताना ती मागे राहिली. खाली पोचेपर्यंत गढवाली गेलेला होता.

मास्तर भिंतीकडे पाहत म्हणाले, "वरची मागं गेली असन."

"हौ."

"मंग चूक तुही हाये."

"हौ, मास्साब," मोतीराम म्हणाला. त्याने पाण्याचा पेला डाव्या हाताने खाली ठेवला आणि तो निघून गेला. मी त्याच्या मागे रस्त्यापर्यंत धावलो. तो थांबला नाही.

परत आलो तर आत काकू बोलत होत्या. काकूंचा आवाज मी त्याआधी असा ऐकला नव्हता. "तुमी चुलीपाशी बसून गोळ्या भरता. तुमचे हात कोनत्या बर्फात होते? लेकराले एक डाव विचारलं नाही, दुखते का म्हनून!"

मास्तर त्या रात्री जेवले नाहीत, असे काकूंनी मला नंतर सांगितले. सकाळी ते स्टेशनवर गेले. गोंदियाहून सरबतवाल्यांसाठी भुशात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या येत. त्यांनी एक लादी विकत घेतली, हमालाच्या डोक्यावर देऊन शाळेच्या व्हरांड्यात आणली, लोखंडी घमेल्यात फोडली आणि वर खडे मीठ टाकले. मग कवायतीची रायफल आणि दहा गोळ्या समोर ठेवून त्यांनी दोन्ही हात बर्फात खुपसले. शाळा भरायची वेळ होती. मुले जमली, मग रस्त्यावरचे लोक जमले.

पहिल्या वेळी त्यांनी दहाही गोळ्या नीट भरल्या. हळू, पण नीट. "थंडी कमी पडली," ते म्हणाले आणि हात पुन्हा आत घातले. या वेळी बराच वेळ. बाहेर काढले तेव्हा बोटे वांग्यासारखी झाली होती. एक गोळी हातातून घरंगळली. उचलायला गेले तर चिमटीत येईना. कशीबशी भरली, बोल्ट पुढे ढकलला, आणि तो अडला.

"चूक!" मास्तर ओरडले. तीच आरोळी, मैदानाच्या टोकापर्यंत जाणारी. पण या वेळी ती त्यांनी स्वतःवरच मारली होती. मुले खो खो हसली. मास्तरांनी गोळ्या काढल्या, हात पुन्हा बर्फात. पुन्हा, "चूक!" हेडमास्तर आले, म्हणाले, हा काय तमाशा आहे. मास्तरांना ते ऐकू गेले की नाही कुणास ठाऊक. ते त्या अडकलेल्या दोन कडांकडे पाहत होते. "बर्मात गरमी होती," ते एवढेच म्हणाले. "मी बर्मात होतो."

शेवटी काकूंनी येऊन त्यांना दंड धरून उठवले. नंतर कित्येक दिवस त्यांच्या बोटांची साले निघत होती.

आज हॉटेलात ज्याची नक्कल होते ते हे. एका माणसाने आपले आयुष्यभराचे मत स्वतःच्या हातांवर तपासून पाहिले आणि ते खोटे निघाल्यावर सगळ्यांदेखत तसे सांगितले. या गावात त्या दिवसापर्यंत असे कुणी केले नव्हते, त्यानंतरही कुणी केल्याचे मला माहीत नाही. आणि गावाने काय लक्षात ठेवले, तर बादली.

पुढच्याच महिन्यात शाळेच्या मैदानावर परतलेल्या जवानांचा सत्कार झाला. मोतीरामला बोलावणे नव्हते. बाहेरून एक निवृत्त लष्करी साहेब पाहुणे म्हणून आले होते. हेडमास्तरांनी स्वागताच्या भाषणात शाळेची शिस्त सांगताना मास्तरांचे ते वाक्य मोठ्या अभिमानाने सांगून टाकले. साहेबांना ते फार आवडले. त्यांनी आपले सगळे भाषण त्यावरच बांधले. "आपके यहाँ के मास्टरजी ने ठीक कहा है," ते म्हणाले. "हथियार नहीं अटकता, आदमी अटकता है. आजकल अख़बारवाले नई गोली, नई राइफल का शोर मचाते हैं. हमारे गोदाम पुरानी गोली से भरे पड़े हैं. पहले वो तो ख़त्म हो! कमी गोली में नहीं, जिगर में थी."

टाळ्या पडल्या. मास्तर मागच्या रांगेतून उभे राहिले. हातांना तूप लावून फडके बांधलेले होते.

"साहब, ये बात मेरी है," ते म्हणाले. "मैं वापस लेता हूँ."

साहेबांना कळेना. हेडमास्तर खाली बसा म्हणून खुणा करू लागले. मास्तर आता मराठीत बोलू लागले, रागाने त्यांची हिंदी सुटली होती. "मी इथं बसून पोट्ट्यायले शिकवलं का चूक तुमची. पोट्टे तिकडं गेले, बोटं गेली, जीव गेले, तरी पोट्टेच म्हन्तेत, चूक माही. अन् गोदामवाल्याची चूक कवाच नाही! लामत्याचा मोतीराम कुठं हाये? त्याले काहून नाही बोलावलं? पहिला हार त्याले घाला, मंग मले जिगर शिकवा!"

दोन स्वयंसेवकांनी त्यांना धरून मैदानाबाहेर नेले. लाउडस्पीकरवर देशभक्तीचे गाणे लावले. मी त्यांच्या मागे गेलो. फाटकाबाहेर थांबून ते मला म्हणाले, "त्याले मी माह्या घरात भगोडा केला बे. गावानं मंग केला."

शाळा समितीने छात्रसेना त्यांच्याकडून काढून घेतली. डोक्यावर परिणाम झाला आहे, असे कारण तोंडी सांगण्यात आले. ते रजेच्या अर्जातल्या पोटदुखीसारखे सगळ्या गावाला पटले. मास्तरांनी तक्रार केली नाही. ते दर रविवारी छोट्या लाइनीच्या रेल्वेगाडीने लामत्याला जाऊ लागले. मोतीराम त्यांना भेटत नसे. ते समोरून आले की तो परसातून शेताकडे निघून जाई. त्याच्या बापासमोर ओट्यावर बसून मास्तर सांगत, चूक पोराची नव्हती, माझी होती. म्हातारा मान हलवी आणि विचारी, गाडी किती वाजताची आहे. असे दोन-तीन वर्षे चालले. तोवर सैन्याला बिनकडेची नवी गोळी आणि नवी रायफल मिळू लागली होती. साहेब ज्याला वर्तमानपत्रांचा शोर म्हणाले होते ते आता धोरण झाले. त्या साहेबांनी आपले भाषण परत घेतल्याचे मात्र माझ्या ऐकण्यात नाही.

एका बाजाराच्या दिवशी मी मास्तरांबरोबर गेलो होतो. मोतीराम भावाच्या मिरच्यांच्या पाटीपाशी बसला होता. बाजारात पाटी सोडून त्याला उठता येईना. मास्तर त्याच्यासमोर उभे राहिले, सावधान उभे राहतात तसे, आणि भर बाजारात मोठ्याने म्हणाले, "आयका हो सगळे! हा पोट्टा पळाला नाही. यानं साथीदार पाठीवर आनला. याची काही चूक नव्हती. मी याचा मास्तर, मी सांगतो!"

लोक वळले. क्षणभर पाहिले. मग एका बाईने वांग्यांचा भाव विचारला आणि बाजार पुन्हा सुरू झाला.

"खाली बसा, मास्साब," मोतीराम म्हणाला. "लोक मिरच्या घ्याले आले हायेत."

मास्तर पोत्यावर बसले. मीही बसलो. मोतीरामने चहा मागवला. बराच वेळ तो गिऱ्हाइके करत राहिला, मग आमच्याकडे न पाहता म्हणाला, "नव्या गोळीले कड नसते म्हन्ते?"

"नसते," मास्तर म्हणाले. "कशीही भर, जाते."

"या हातानं भरता येईन?"

"येईन."

"मी तिकडं होतो तवा होती का ही दुनियेत?"

"होती. दुसऱ्यायपाशी होती."

"मंग आपले लोक कायची वाट पाहून राह्यलते?"

मास्तरांनी चहाचा पेला खाली ठेवला. "जुना साठा संपाची."

"संपला का?"

"नाही बाबू. लई हाये अजून. आता पोलिसायले वाटून राह्यले."

मोतीरामने डाव्या हाताने मिरच्या पारड्यात टाकल्या, वजन पाहिले, आणि वरून आणखी चार टाकल्या.

"वाटू द्या," तो म्हणाला. "त्यायले बोटं हायेत अजून."